‘तुमचे रक्त बिघडले आहे!’

आपल्याकडे एखाद्या कचेरीत किंवा गिरणीत कोणी पंचवीस वर्षे इमानाने चाकरी केली, की त्याचा छोटासा समारंभ होतो. हार, नारळ, शाल, भिंतीवर लावण्याजोगे एक मानपत्र आणि जमलेच तर एखादे घड्याळ. मंडळी चहाफराळ करून घरी जातात आणि ते मानपत्र पुढे कित्येक वर्षे बाहेरच्या खोलीत मिरवत राहते.

असेच एक मानपत्र १९५८ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या काही गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या हाती पडले. अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा सर्वोच्च अधिकारी म्हणजे सर्जन जनरल. खुद्द त्याची त्यावर सही होती. वैद्यकीय संशोधनात पंचवीस वर्षे भाग घेतल्याबद्दल सरकार आपला गौरव करीत आहे, असा मजकुराचा मतलब. सोबत पंचवीस डॉलर रोख; वर्षाला एक डॉलर या हिशेबाने.

ज्यांना हा मान मिळाला त्यांना खरी गोष्ट ठाऊकच नव्हती. पंचवीस वर्षे सरकारी डॉक्टर आपल्याला औषध देत आहेत, असे ती माणसे समजत होती. ते त्या रोगावरचे औषध नव्हतेच. त्यांना एक भयंकर रोग होता. त्याचे खरे नाव त्यांना कोणी सांगितले नव्हते. तो बरा करणारे रामबाण औषध निघाले होते. ते त्यांच्यापासून जाणूनबुजून दूर ठेवले होते. आणि हे सारे कशासाठी? तर उपचार न झालेला हा रोग माणसाची कशी दशा करतो, हे त्याच्या मरणापर्यंत बघता यावे आणि मेल्यावर प्रेत फाडून ताडून पाहता यावे म्हणून!

मी कॉलेजात मराठी शिकवतो. वैद्यकाचे माझे ज्ञान घरातल्या थर्मामीटरपलीकडे जात नाही. पण ही हकिगत जसजशी वाचत गेलो, तसतसे एक ध्यानात येत गेले. या प्रकरणात सुरीकात्री फारशी चाललीच नाही. चालले ते शब्द. माणसे फसली ती शब्दांना, आणि फसवणाऱ्यांनी स्वतःच्या मनाची समजूत घातली तीही शब्दांनीच. तेव्हा भाषेच्या मास्तराने या विषयात थोडे बोलायला हरकत नसावी.

एका शब्दाची करामत

ज्या रोगाची ही गोष्ट, तो उपदंश; बोलीत त्याला ‘गरमी’ म्हणतात. चारचौघांत नाव घेऊ नये असा हा रोग, म्हणूनच त्याला नावे फार. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात त्याला ‘फिरंग रोग’ म्हटले आहे. फिरंग्यांच्या संगतीने तो आला, असे मानत म्हणून. रोग मोठा कावेबाज. प्रथम एखादा न दुखणारा व्रण उठतो आणि आपोआप भरून येतो. मग अंगावर पुरळ येते, तेही जाते. माणसाला वाटते, सुटलो! पण जंतू आत दबा धरून बसलेला असतो. काहींच्या बाबतीत तो दहावीस वर्षांनी डोके वर काढतो. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी पोखरतो, दृष्टी घालवतो, मेंदूत शिरून वेड लावतो. नवऱ्याकडून बायकोला आणि आईकडून पोटातल्या बाळाला तो जातो, हे आणखी वेगळेच.

अलाबामातल्या मेकन परगण्यातले खेडूत या रोगाला ‘वाईट रक्त’ म्हणत. पण ते अशक्तपणालाही ‘वाईट रक्त’च म्हणत, थकव्यालाही म्हणत आणि आणखी दहा दुखण्यांनाही म्हणत. आपल्याकडे नाही का, गळू झाले, खरूज उठली, की घरातली वडील माणसे ‘रक्त बिघडलंय’ म्हणून मोकळी होतात? तशातलाच तो प्रकार. सरकारी डॉक्टरांनी नेमका हाच शब्द उचलला. ‘तुमचे रक्त बिघडले आहे, आम्ही त्यावर उपचार करतो,’ एवढेच ते सांगत राहिले. रोगाचे नाव काय, तो कसा पसरतो, बायकामुलांना त्याचा काय धोका, यातले अक्षरही नाही.

पाहा, यात धडधडीत खोटे असे वाक्य दाखवणे कठीण. खेडुतांचाच शब्द खेडुतांना परत केला! पण बोलणाऱ्याच्या मनात एक अर्थ आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा, हे ठाऊक असून जो तो शब्द वापरतो, त्याला दुसरे काय म्हणावे? आणि उपचार करतो म्हणणे तर उघड असत्यच होते.

कापसाच्या मुलखात

मेकन परगण्यातले मुख्य गाव टस्कीगी. हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली तिथे काढलेली संस्था आणि तिथे आयुष्य वेचणारे डॉ. कार्व्हर आठवतीलच. गुलामगिरीतून सुटलेल्या समाजाने स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी जी शाळा काढली, तिच्याच इस्पितळाच्या आश्रयाने हा प्रयोग चालला. दैवाची थट्टा म्हणतात ती अशी!

सालही लक्षात घ्यावे. १९३२. अमेरिकेत मंदीने कहर केला होता. मेकनमधले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे. डॉक्टर म्हणून कधी कोणी पाहिलेला नाही. त्यापूर्वी रोझेनवाल्ड निधी या धर्मादाय संस्थेच्या मदतीने या भागात उपदंशावर उपचाराची मोहीम निघाली होती. मंदी आली, पैसा आटला, मोहीम बंद पडली. पुष्कळ रोगी आणि उपचार नाही, अशी स्थिती उरली. ती पाहून सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या डॉ. टॅलिआफेरो क्लार्क यांना कल्पना सुचली, की उपचार होतच नाहीत, तर उपचाराविना रोग कसा वाढतो ते तरी पाहून घ्यावे. नॉर्वेमध्ये गोऱ्या रोग्यांच्या जुन्या नोंदी तपासून असा अभ्यास झाला होता. काळ्या माणसाच्या शरीरात हा रोग मेंदूपेक्षा हृदयाकडे जास्त वळतो, असा एक समज त्या काळच्या डॉक्टरांत होता. तो पडताळण्याची ही आयती संधी वाटली.

मूळ बेत काही महिन्यांचा होता. झाली चाळीस वर्षे!

एकूण ६०० पुरुष निवडले गेले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. उरलेले २०१ तुलनेसाठी घेतलेले निरोगी. सुरुवातीला काहींना थोडेफार उपचार मिळाले, पण रोग हटावा इतके नव्हेत. पुढे मिळत गेल्या ॲस्पिरिनच्या गोळ्या आणि लोहयुक्त टॉनिक. लोकांना बरे वाटे. पोटात कधी औषध न गेलेल्या माणसाला साध्या गोळीनेही हुशारी येतेच. पाठीच्या कण्यातून सुई घालून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी करायची होती, तेव्हा ती ‘खास मोफत उपचार’ या नावाखाली पत्रे पाठवून करून घेतली गेली. पुन्हा शब्दाचीच करामत! तपासणीला उपचार म्हटले, की माणूस मुकाट्याने पाठ वाकवतो.

बदल्यात काय मिळे? तपासणीला जाण्यायेण्यासाठी मोटार, त्या दिवशी गरम जेवण आणि मेल्यावर दफनासाठी पन्नास डॉलर. अट एकच, की प्रेत आधी डॉक्टरांना फाडू द्यायचे. पन्नास डॉलरसाठी कोणी असे कबूल होईल का, असे आपल्याला वाटेल. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या आपल्या क्रियाकर्मापुरते पैसे पदराला बांधून ठेवतात, ते आठवावे. ‘मरण लाजिरवाणे होऊ नये’ ही गरिबाची शेवटची इभ्रत असते. डॉक्टरांनी बोट ठेवले ते नेमके तिथे.

औषध निघाले, तरीही

कोणी म्हणेल, १९३२ साली उपदंशावर चांगले औषध तरी कुठे होते? सोमल, पारा यांपासून केलेली औषधे होती. ती वर्षवर्ष घ्यावी लागत आणि अंगावरही उलटत. हे खरे. पण इतर रोग्यांना तीच देण्याची रीत होती, हेही खरे.

आणि १९४३ नंतर तर ही सबब उरलीच नाही. त्या वर्षी पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे दिसून आले. ते दाखवून देणारे डॉ. जॉन महोनी कोण होते? याच सार्वजनिक आरोग्य सेवेतले अधिकारी! एकाच खात्याच्या एका खोलीत रोगाचा उतारा सापडला, आणि त्याच खात्याच्या दुसऱ्या खोलीतून तो रोग्यांपर्यंत पोचू नये याची काळजी घेतली जात होती. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा उपदंशावरचा सर्वमान्य उपचार झाला. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन आपल्याकडेही घरोघरचे नाव झाले. मेकन परगण्यातल्या त्या माणसांना मात्र ते मिळायचे नव्हते.

न मिळण्याची व्यवस्था किती पक्की होती पाहा. परगण्यातल्या डॉक्टरांकडे नावांची यादी दिलेली, यांच्यावर उपचार करू नका म्हणून. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी तपासणी होई आणि उपदंश आढळला तर औषध घेण्याचा हुकूम सुटे. तेव्हा प्रयोगातल्या अडीचशेच्या वर माणसांची नावे भरतीमंडळाकडे पाठवून त्यांना त्या हुकमातून वगळून घेतले. हर्मन शॉ नावाच्या गृहस्थांनी पुढे सांगितले, की आपण बर्मिंगहॅम शहरातल्या उपचारकेंद्रापर्यंत जाऊन पोचलो होतो. पण तिथे नाव ओळखले गेले आणि आपल्याला औषधाविना घरी परत धाडण्यात आले. दाराशी आलेले औषध असे माघारी गेले.

गोड बोलणारी माणसे

या कथेत राक्षस शोधू गेले तर निराशा होते. युनिस रिव्हर्स नावाची एक कृष्णवर्णीय परिचारिका होती. तिने सुरुवातीपासून या माणसांचा सांभाळ केला. सरकारी मोटारीतून त्यांना घेऊन जायची, घरची विचारपूस करायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायची, मयताला हजर राहायची. माणसे तिच्यावर जीव टाकत. आपल्या या मंडळाला ती ‘मिस रिव्हर्स यांचे मंडळ’ म्हणत. तीच बाई कोणी मेले की नातेवाइकांची समजूत घालून शवविच्छेदनाची परवानगी मिळवायची. तिच्या मनात काय चालत असेल? आपण एरवी बेवारस राहणाऱ्या लोकांची सेवा करीत आहोत, असेच बहुधा तिला वाटत असावे. दुष्टपणाला ओळखता येते. मायाळूपणाच्या पदराआड जे चालते, ते मात्र चाळीस वर्षे चालते.

आणि डॉक्टर? तेही कोणी गुंड नव्हते. त्यांनी काही लपवूनही ठेवले नाही. १९३६ पासून या प्रयोगाचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत रीतसर छापून येत होते. ‘उपचार न केलेला उपदंश’ असे शब्द त्यांच्या मथळ्यांतच असत! हजारो डॉक्टरांच्या टेबलांवर ते गेले असतील. १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवरील खटल्याचा निकाल लागला. माणसाची स्वखुशीची संमती असल्याशिवाय त्याच्यावर प्रयोग करू नये, हे पहिले तत्त्व तिथेच लिहिले गेले, आणि ते लिहिणारे न्यायाधीश अमेरिकन होते. तरीही ‘तो नियम रानटी लोकांसाठी, आपण तर सुसंस्कृत’ अशीच भावना असावी. १९६५ साली अर्विन शॅट्झ या तरुण डॉक्टराने एक अहवाल वाचून निषेधाचे पत्र लिहिले. त्याला उत्तरही मिळाले नाही. पत्र फाइलला लागले.

या प्रयोगात काम केलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याने पुढे मुलाखतीत सांगितले, की ती माणसे रुग्ण नव्हतीच. अभ्यासाची सामग्री होती. पाहा, पुन्हा शब्द! ‘रुग्ण’ म्हटले की त्याच्यासाठी काही करावे लागते. ‘सामग्री’ म्हटले की फक्त मोजावे लागते.

एका साध्या नोकराची चिकाटी

हे पाप उजेडात आणले ते कोणा नामांकित शास्त्रज्ञाने नव्हे. पीटर बक्स्टन हा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये याच सरकारी सेवेत अगदी साध्या जागेवर होता. गुप्तरोग्यांना भेटून त्यांच्या संपर्कातली माणसे शोधायची, हे त्याचे काम. जन्म प्रागचा, वडील ज्यू. हिटलरचे सैन्य आले तेव्हा हे कुटुंब तान्ह्या मुलाला घेऊन देश सोडून आले होते.

एके दिवशी कचेरीत कॉफी पिताना त्याच्या कानावर गोष्ट आली, की अलाबामात एका वेड्या झालेल्या म्हाताऱ्याला घरच्यांनी डॉक्टरकडे नेले. डॉक्टरने उपदंश ओळखून पेनिसिलिन टोचले, आणि सरकारी खात्याने आमचा माणूस बिघडवलात म्हणून त्या डॉक्टरचीच कानउघाडणी केली. बक्स्टनला ते खरे वाटेना. त्याने कागदपत्रे मागवली. आली! वाचली, आणि ग्रंथालयात जाऊन न्यूरेंबर्गच्या खटल्याची कागदपत्रेही वाचली. १९६६ च्या नोव्हेंबरात त्याने वरिष्ठांना पत्र लिहिले. त्याला अटलांटाला बोलावून घेऊन खडसावण्यात आले. त्याने नोकरी सोडली, कायद्याच्या शिक्षणाला लागला आणि १९६८ साली पुन्हा पत्र लिहिले. १९६९ साली तज्ज्ञांची एक बैठक भरली. एका डॉक्टरचा अपवाद सोडता सर्वांचे मत पडले, की प्रयोग चालू ठेवावा. ज्यांच्याविषयी हा विचार चालला होता, त्यांच्यापैकी कोणाला या बैठकीला बोलावले नव्हते, हे सांगायला नकोच.

शेवटी बक्स्टनने ही हकिगत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेतल्या आपल्या ओळखीच्या एका पत्रकार बाईंना सांगितली. त्यांच्या सहकारी जीन हेलर यांनी छडा लावला, आणि २५ जुलै १९७२ रोजी बातमी छापून आली. दुसऱ्या दिवशी ती ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर होती. जे छत्तीस वर्षे वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते, ते साध्या भाषेत वर्तमानपत्रात आले मात्र, देश हादरला. मजकूर तोच, वाचणारे बदलले. बक्स्टन २०२४ साली वारले. आपण मोठे काही केले, असा आव त्यांनी शेवटपर्यंत आणला नाही.

त्या वर्षाअखेर प्रयोग बंद झाला. रोग असलेल्यांपैकी तेव्हा अवघे ७४ जण हयात होते. नेहमी दिला जाणारा हिशेब असा, की २८ जण उपदंशाने गेले, सुमारे शंभर त्यातून उद्भवलेल्या विकारांनी. ४० जणांच्या बायकांना लागण झाली आणि १९ मुले हा रोग घेऊनच जन्माला आली. फ्रेड ग्रे या वकिलांनी दावा लावला. हे तेच, ज्यांनी बसमधली जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्स यांचे वकीलपत्र घेतले होते. १९७४ साली सरकारने एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. रोग असलेल्या आणि हयात असलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला साडेसदतीस हजार आले. त्याच वर्षी संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणाचा कायदा झाला. माफी मात्र १६ मे १९९७ रोजी आली. अध्यक्ष क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्ये ती मागितली, तेव्हा आठ जण जिवंत होते आणि पाच जण समोर बसले होते. त्यांपैकी ९४ वर्षांचे हर्मन शॉ, तेच ज्यांना बर्मिंगहॅमहून औषधाविना परत धाडले होते, ते बोलायला उभे राहिले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता.

दुसरा अध्याय : ग्वाटेमाला

टस्कीगीच्या माणसांना सरकारने मुद्दाम रोग टोचला, अशी एक समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती खरी नाही. तिथे रोग होताच, औषध अडवले गेले. पण रोग टोचण्याचा प्रकारही त्याच खात्याने केला होता. फक्त दुसऱ्या देशात.

१९४६ ते १९४८ या काळात ग्वाटेमालामध्ये डॉ. जॉन कटलर यांच्या देखरेखीखाली सैनिक, कैदी आणि वेड्यांच्या इस्पितळातले रोगी यांना उपदंश, परमा अशा रोगांची मुद्दाम लागण करण्यात आली. अशा माणसांची संख्या तेराशेच्या घरात जाते. वेड्यांच्या इस्पितळाला बदल्यात काय दिले? औषधे ठेवायला फ्रिज, चित्रपट दाखवायचे यंत्र, पेले, ताटल्या आणि काटे! काळही नजरेआड करू नये. न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टर पिंजऱ्यात उभे होते, ते हेच दिवस.

या प्रयोगाचे अहवाल छापले गेले नाहीत. कटलर पुढे टस्कीगीच्या प्रयोगातही सहभागी झाले, आणि २००३ साली वारले. पिट्सबर्ग विद्यापीठात ठेवलेल्या त्यांच्या कागदपत्रांत सुझन रेव्हर्बी या इतिहासाच्या प्राध्यापिकेला हे सारे सापडले. त्या टस्कीगीवर संशोधन करीत होत्या. हाती लागले ग्वाटेमाला. १ ऑक्टोबर २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ग्वाटेमालाच्या अध्यक्षांना फोन करून क्षमा मागितली. साठ वर्षांहून अधिक काळ त्या खोक्यांतले कागद बोलण्याची वाट पाहत होते.

आपल्या अंगणात

हे सगळे वाचून ‘अमेरिका ती अमेरिकाच’ म्हणत आपण सुस्कारा सोडू. पण थोडे थांबावे. १९७६ ते १९८८ या काळात दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आपल्या सरकारच्याच, एका संस्थेने अकराशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्या गर्भाशयाच्या मुखाशी असे बदल दिसले होते, की ज्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो. ते बदल कसे वाढतात हे पाहण्यासाठी त्यांना उपचाराविना ठेवून वेळोवेळी तपासले गेले. ७१ जणींना कर्करोग झाला. त्यांपैकी नऊ जणींचा रोग उपचार होण्यापूर्वीच आत पसरला होता. १९९७ साली ही गोष्ट जगापुढे आली तेव्हा परिषदेच्या बाजूने सांगण्यात आले, की लेखी संमती घेण्याचा नियम त्या काळी नव्हता. तोंडी संमती घेतली होती.

तोंडी संमती! म्हणजे कोणत्या शब्दांत? कर्करोग होऊ शकतो, हे त्या बायकांना सांगितले होते का? टस्कीगीची बातमी जगभर होऊन तेव्हा चार वर्षे उलटली होती. हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. आपल्या बायकांना या रोगातून वाचवण्यासाठीच ज्ञान हवे होते. पण मेकनच्या डॉक्टरांचाही दावा तोच होता. ज्ञान सर्वांच्या उपयोगी पडते. त्याची किंमत मात्र प्रत्येक वेळी तेच लोक मोजतात, ज्यांना ‘नाही’ म्हणायची सवय नसते.

त्यानंतर आपल्याकडे परिस्थिती बदलली, हेही सांगितले पाहिजे. परिषदेने २००० साली नीतिनियम प्रसिद्ध केले. पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी, असे ते सांगतात. दुर्बल स्थितीतल्या माणसांवर अगदी नव्या औषधाची चाचणी घ्यायची, तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रणही करावे लागते.

कागद मराठीत असला, म्हणजे झाले का?

‘समजेल अशा भाषेत’ म्हणजे काय, याचा थोडा अनुभव मला आहे. आमच्या इमारतीतला एक तरुण डॉक्टर दोनेक वर्षांपूर्वी एक संमतिपत्र घेऊन आला. इस्पितळातल्या संशोधनासाठी त्याचे मराठी भाषांतर झाले होते. मी ते नजरेखालून घालावे, अशी त्याची इच्छा. व्याकरण बिनचूक होते. ‘यादृच्छिक पद्धतीने गटनिश्चिती’, ‘प्रतिकूल घटना’, ‘सहभाग ऐच्छिक असून’ असे भारदस्त शब्द ओळीने मांडले होते. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी तिथेच होत्या. मी त्यांना एक परिच्छेद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘‘सर, कोर्टाची नोटीस आली का?’’

मग आम्ही दोघे बसलो. ‘कोणाला नवे औषध आणि कोणाला जुने, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरेल. डॉक्टर ठरवणार नाहीत.’ ‘तुम्हाला नको वाटले तर केव्हाही नाही म्हणा. तुमचे नेहमीचे औषधपाणी बंद होणार नाही.’ दोन रविवार गेले, पण कागद माणसात आला. मावशींना पुन्हा वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, ‘‘मग मला त्यातलं कोणतं मिळालं, ते मला कळणार का?’’

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. सबंध कागदात त्याचे उत्तर नव्हते. त्याने ते शोधून आणले आणि कागदात घातले.

समजले म्हणजे काय, तर प्रश्न सुचला. ज्या संमतीतून प्रश्न निघत नाही, ती संमती म्हणजे नुसता अंगठा. मेकनमधली माणसे काही निर्बुद्ध नव्हती. कापसाच्या भावात सावकार किती मारतो, हे त्यांना बरोबर कळत होते. त्यांना प्रश्न सुचला नाही, कारण प्रश्न निर्माण करणारा एकही शब्द त्यांच्या कानावर पडू दिला नव्हता.

तेव्हा वाचकहो, नव्या औषधाच्या चाचणीला पाठ फिरवा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आज आपण ज्या गोळ्या घेतो, त्या कोणीतरी आधी घेऊन पाहिल्या म्हणूनच आपल्यापर्यंत आल्या. पण उद्या इस्पितळात कोणी आपल्यापुढे, किंवा आपल्या घरी राबणाऱ्या माणसापुढे, सहीसाठी कागद ठेवला, तर तीन गोष्टी जरूर विचाराव्या. माझ्या रोगाचे नाव काय? हा उपचार आहे की अभ्यास? आणि मी नाही म्हटले, तर माझे औषधपाणी चालू राहील ना? उत्तर आपल्या भाषेत मिळेपर्यंत पेन खिशातून काढू नये. चांगला डॉक्टर यावर रागावणार नाही. तो खुर्ची जवळ ओढून बसेल आणि सांगायला लागेल.